आयल्ट्सच्या रीडिंगमध्ये साडेपाचवर अडकलीस? पहिले नवीन पेपर सोडवणं बंद कर

पत्र, थोडं कापून (आयल्ट्स म्हणजे परदेशी शिकायला किंवा राहायला जाताना द्यावी लागणारी इंग्लिशची परीक्षा, तिच्या मार्कांना बँड म्हणतात):

"ताई, मी काटोलची, बीफार्म झालंय, सध्या नागपूरला धरमपेठेत रूम करून राहते. ऑस्ट्रेलियातल्या एका युनिव्हर्सिटीची मास्टर्सची ऑफर आहे. अट अशी की आयल्ट्स अकॅडमिकमध्ये ओव्हरऑल ६.५ पाहिजे आणि एकाही सेक्शनमध्ये ६ च्या खाली नको. दोनदा दिली, दोन्ही वेळा रीडिंग ५.५. आत्ता १७ दिवसांपूर्वी कम्प्युटरवर दिली, त्यात लिसनिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५ आणि रीडिंग पुन्हा तेच. क्लासचे सर म्हणतात स्किमिंग-स्कॅनिंग करा (वरवर नजर फिरवा, हवं तेवढंच शोधा), रोज एक पेपर काढा. ३१ पेपर काढले. पहिल्या पॅसेजलाच अर्धा तास जातो आणि तिसरा अर्धा राहतो. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनमध्ये तर नुसते तुक्के चालू आहेत. रूममेट कॅनडाच्या पीआरची तयारी करते, ती म्हणते ६ बँडला ३० बरोबर लागतात, माझे २१-२२ च्या वर जात नाहीत. बाबा रोज फोनवर विचारतात, काहून होऊन नाही राहिलं बेटा. सोडून देऊ का?"

अगं सोडून कशाला देतेस, तुझं बरंचसं काम झालेलं दिसून राहिलं मला पत्रातच, तू फक्त हिशोब चुकीचा धरून बसलीस.

तर पहिले हिशोब. तुझे चार आकडे ७, ५.५, ६ आणि ६.५, बेरीज २५, भागिले ४ म्हणजे ६.२५, आणि आयल्ट्समध्ये सरासरीत पाव आला की तो वरच्या अर्ध्यावर जातो, म्हणजे ओव्हरऑल ६.५ तुझे झालेलेच आहेत. रिझल्टवर छापलेलं असेल बघ, रडायच्या नादात लक्ष गेलं नसेल. अडलंय ते रीडिंगच्या अर्ध्या बँडपाशी, बस.

आता तुझी रूममेट. ती खोटं नाही सांगून राहिली, ती तिच्या परीक्षेचं सांगून राहिली. पीआरवाले, म्हणजे तिकडे कायमचं राहायला जाणारे, जनरल ट्रेनिंग नावाची दुसरी आयल्ट्स देतात, तिथले उतारे सोपे असतात म्हणून ६ बँडला ४० पैकी ३० च्या आसपास लागतात. अकॅडमिकला ६ साठी साधारण २३ पुरतात, ३० ला तर ७ येतो, ३५ ला ८. पेपर कसा निघाला त्यावर एखादा मार्क इकडेतिकडे होतो, पण गणित हेच. तू २१-२२ वर आहेस. म्हणजे दोन प्रश्न कमी पडतात, आणि जिवाला घोर नको म्हणून चार धर. चार प्रश्नांसाठी ऑफर सोडून देते का कोणी बापा?

आणि त्यातले एखाद-दोन तर तू स्वतःच टाकून येतेस. तिसरा पॅसेज अर्धा राहतो म्हणजे सहा-सात उत्तरं कोरी, हो ना? ह्या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही. चुकलं तर शून्य आणि कोरं सोडलं तरी शून्य. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं राहिली की जिथे पर्याय आहेत तिथे डोळे मिटून काहीतरी टिक करून टाकायचं, आपल्याला इंजिनिअरिंग-मेडिकलच्या एन्ट्रन्सनी निगेटिव्हची धास्ती लावून ठेवलीय म्हणून हात थांबतो, पण इथे तो थांबवायचा नाही.

आता माझं खरं म्हणणं, आणि ते तुझ्या सरांच्या उलट आहे, त्यांनी रागवू नये. रोज नवीन पेपर सोडवणं आजपासून बंद. तू ३१ पेपर काढले म्हणजे काय केलं ते मला माहीत आहे, तासभर बसली, आन्सर की उघडली, २१ आले, कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी बत्तिसावा पेपर उघडला. तू फार्मसीवाली, तुला काय सांगू, हे म्हणजे रोज ताप मोजायचा, कागदावर लिहायचा आणि गोळी एकही घ्यायची नाही असं झालं.

त्याऐवजी शेवटचा काढलेला पेपर घे. त्यातली जी १८-१९ चुकली त्यातलं एकेक उत्तर पॅसेजमध्ये नेमकं कोणत्या ओळीत आहे ते शोध, घड्याळ न लावता. सापडलं की वहीत प्रश्नातला शब्द लिही, त्याच्यासमोर पॅसेजमध्ये त्याच अर्थाचा जो शब्द वापरलाय तो लिही, आणि खाली एका ओळीत मराठीत लिही की तू काहून चुकली. एका पेपरला तीन संध्याकाळी लागतील. लागू दे. दोन पेपर असे पोखरून झाले की तुला दिसेल की तुझ्या चुका अठरा प्रकारच्या नाहीत, तीन-चारच प्रकारच्या आहेत आणि त्याच त्याच फिरून येऊन राहिल्यात.

पत्रासोबत तू पेपरचे फोटो पाठवलेस, त्यावरून दोन तर मलाच सापडल्या. तो ॲस्पिरिनवरचा पॅसेज. विलोच्या सालीपासून सुरू होतो, मग बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने १८९७ साली ते कसं तयार केलं वगैरे. खाली एक विधान आहे की लहान मुलांना ॲस्पिरिन देणं धोक्याचं ठरू शकतं, आणि तू ठसक्यात ट्रू लिहून आलीस. बरोबरच आहे, मुलांना ॲस्पिरिनने होऊ शकणारा तो रेज सिंड्रोम तुझ्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आहे. पण पॅसेजमध्ये लहान मुलांचा शब्दसुद्धा नाही ना, मी दोनदा वाचला. उत्तर नॉट गिव्हन. परीक्षकाला तुझं ज्ञान नको आहे, त्याला फक्त समोरच्या कागदावर काय आहे ते पाहिजे. गंमत म्हणजे हुशार पोरीच ह्यात जास्त चुकतात, ज्यांना काहीच माहीत नसतं त्या वाचून उत्तर देतात.

दुसरी चूक त्याच्याच दोन ओळी खाली. पॅसेज म्हणतो की जुनं औषध त्यानंतर "लार्जली" बंद झालं. विधान म्हणतं की त्यानंतर ते कोणीच वापरलं नाही. तू ट्रू दिलंस, उत्तर फॉल्स. लार्जली म्हणजे बहुतांशी, म्हणजे थोडं कुठेतरी चालूच होतं. हे छोटे शब्द आहेत ना, ओन्ली, मोस्ट, ऑल, मे, मस्ट, सम, नेव्हर, सगळा जीव ह्यांच्यात असतो आणि तू मोठमोठ्या शब्दांच्या मागे धावून राहिली.

थांब, हे तुझ्या काटोलच्या संत्र्यांवरच करून बघू, इंग्लिश बाजूला ठेवून. समज पॅसेज असा आहे: "नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहुतेक बागायतदार एका बागेत वर्षाला एकच बहार धरतात, कारण दोन्ही धरले तर झाड खचतं."

आता विधानं. "दोन्ही बहार घेतल्याने झाडाचं नुकसान होतं." ट्रू, शब्द बदलले पण गोष्ट तीच. "एकही बागायतदार वर्षाला दोन बहार धरत नाही." फॉल्स, कारण पॅसेज बहुतेक म्हणतो, म्हणजे थोडे धरणारे आहेत. "मृगाची संत्री आंबियापेक्षा गोड असतात." इथे तुझा पेन ट्रू किंवा फॉल्सकडे पळेल, कारण बाबा घरी काय म्हणतात ते तुला माहीत आहे. पॅसेज गोडीबद्दल एक अक्षर बोलत नाही. नॉट गिव्हन.

फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये गोंधळ झाला की एकच विचारायचं, हे विधान खोटं आहे असं सिद्ध करायला मी कोणत्या शब्दावर बोट ठेवू? बोट ठेवता आलं तर फॉल्स. बोट हवेतच फिरून राहिलं तर नॉट गिव्हन, आणि मग जास्त वेळ शोधत बसायचं नाही, पुढे जायचं, कारण नसलेली गोष्ट शोधण्यातच तुझी मिनिटं जातात. यस-नो-नॉट गिव्हन येतं ते ह्याचंच भावंड आहे, फक्त तिथे माहितीच्या ऐवजी लेखकाचं मत काय ते बघायचं.

शोधण्यावरून आठवलं, हे प्रश्न पॅसेजच्या क्रमानेच येतात. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्या पॅरात सापडलं आणि पाचव्याचं चौथ्या पॅरात, तर चौथ्याचं त्या दोघांच्या मधेच कुठेतरी आहे, पूर्ण पॅसेज पुन्हा उपसायची गरज नाही. वाक्य पूर्ण करा, मल्टिपल चॉइस, छोटी उत्तरं, ह्यांचंही तसंच. पण "ही माहिती कोणत्या पॅरात आहे" हा प्रश्न क्रमाने येत नाही, तो महाबदमाश आहे, त्याला त्या पॅसेजमध्ये सगळ्यात शेवटी घ्यायचं. तोवर बाकीचे प्रश्न सोडवताना पॅसेज दोनदा नजरेखालून गेलेला असतो आणि अर्धी उत्तरं आपोआप आठवतात.

आता ते स्किमिंग-स्कॅनिंग. सर चुकीचं नाही म्हणत, पण नुसतं म्हटल्याने कोणाला काय समजतं? तू सीताबर्डीला मेट्रो बदलतेस ना, ऑरेंज लाइनवरून अ‍ॅक्वावर जाताना तिथला प्रत्येक बोर्ड वाचतेस का? अ‍ॅक्वाची पाटी तेवढी बघतेस आणि चालत सुटतेस, हे झालं स्कॅनिंग, म्हणजे काय शोधायचं ते आधी माहीत असलं पाहिजे. पण पाटी सापडल्यावर गाडी लोकमान्य नगरची की प्रजापती नगरची हे तू थांबून नीट वाचतेस, नाहीतर उलट्या दिशेला जाशील. तुझं तिथेच चुकून राहिलं, शोधताना सगळं वाचतेस, तेही पाठ करायचं असल्यासारखं, आणि सापडलेलं वाक्य मात्र घाईत उरकतेस. उत्तराचं वाक्य सापडलं की तिथे हळू व्हायचं, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एकही वाचायचं, "हाउएव्हर" बहुतेक तिथेच दबा धरून बसलेलं असतं.

वेळेचं सांगते. ६० मिनिटं, तीन पॅसेज, मिळून साधारण एकवीसशे पन्नास ते पावणेतीन हजार शब्द, आणि पुढचा मागच्यापेक्षा अवघड. पण मार्क पहिल्यातल्या प्रश्नाला जेवढा तेवढाच तिसऱ्यातल्या प्रश्नाला. तू पहिल्याला अर्धा तास देतेस म्हणजे सोप्यात वेळ घालून अवघड्याला उपाशी ठेवतेस. पहिला १६-१७ मिनिटांत सोडायचा, दुसऱ्याला २०, उरलेली तिसऱ्याला. एखादं उत्तर मिळून नाही राहिलं तर अंदाज टाकून पुढे, स्क्रीनच्या खाली प्रश्नांचे नंबर असतात, परत यायला एक क्लिक लागते.

पॅराग्राफला हेडिंग द्या हा प्रकार आला की पोरी आधी हेडिंगची यादी वाचतात, आठ-दहा हेडिंगं सगळी एकसारखी वाटतात आणि डोकं गरगरायला लागतं. उलटं कर. पॅरा वाच, आणि यादीकडे न बघता त्याला मराठीत दोन शब्दांत नाव ठेव. नावं ठेवण्यात आपल्या नागपूरकरांचा हात कोणी धरू शकत नाही. "पैसा संपला." "लोक चिडले." "आधी हसले." कच्च्या कामाला कागद-पेन्सिल देतात, त्यावर लिही, आणि मग यादीत त्याचा इंग्लिश भाऊ शोध. एक लक्षात ठेव, यादीत असं एखादं हेडिंग असतंच ज्यातला शब्द जसाच्या तसा पॅरात असतो, पण तो पॅरा त्याबद्दल नसतो, नुसता उल्लेख असतो. ते आमिष आहे.

शब्दमर्यादेवर माझीच गंमत ऐक. मी परीक्षा दिली तेव्हा कॉलेजमध्ये इंग्लिश शिकवायची, बऱ्यापैकी ताठ मानेने गेले होते. सूचना होती दोनपेक्षा जास्त शब्द नको. घरी आल्यावर आठवलं की एका प्रश्नात मी "द वॉटर सप्लाय" लिहून आलीय. "द" धरून तीन. गेला मार्क, आणि उत्तर तर बरोबरच होतं. हायफनने जोडलेला शब्द एकच मोजतात, तेवढी सूट आहे. स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो, आणि हे तर निव्वळ बावळटपणाने जातं कारण शब्द समोर पॅसेजमध्ये लिहिलेला असतो, बघून उतरवायचा फक्त. एकवचन-अनेकवचनाचंही बघ, शेवटचा एस खाऊन टाकतेस तू, फोटोत दोनदा दिसला मला.

आकृत्या, फ्लोचार्ट वगैरेचं फार घेऊ नको मनावर, ते दिसतात भारी, असतात सोपे.

शब्दसंग्रहाचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. हजार शब्दांच्या याद्या पाठ करू नको, त्या वहीतले जोडीचे शब्द हाच तुझा शब्दसंग्रह, प्रश्नात "शॉर्टेज" असेल तर पॅसेजमध्ये "स्केअर्सिटी" असतं, प्रश्नात "ग्रॅज्युअली डिक्रीज्ड" असेल तर पॅसेजमध्ये "ड्विंडल्ड" असतं, ही परीक्षा मुळात असल्या जोड्यांचीच आहे. अगदीच यादी हवी असेल तर अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणून आहे, न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडने २००० साली काढलेली, ५७० शब्दकुळं आहेत, त्यातले तुला न येणारेच तेवढे बघ, बीफार्म झालेल्या मुलीला अर्धे तरी येतातच. आणि सकाळी तर्री पोहे खाताना रील्सच्या ऐवजी इंग्लिश पेपर हितवादचा संपादकीय लेख वाच. १९११ पासून आपल्या नागपूरचाच पेपर आहे, गोखल्यांनी सुरू केलेला. लेख वाचून झाला की स्वतःला विचार, ह्याला नेमकं म्हणायचं काय आहे आणि हा कोणाशी भांडून राहिला? तीनपैकी निदान एका पॅसेजमध्ये असा मुद्देसूद वाद घातलेला असतो, आणि सहसा तिसऱ्यात, जिथे तू पोचतच नाहीस.

नवीन पूर्ण पेपर आठवड्यातून एकच, शनिवारी, स्क्रीनवर. पुस्तकाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने रेघा मारून तयारी केलीस आणि परीक्षा दिली कम्प्युटरवर, हेही एक कारण आहे तुझं. तिथे डावीकडे पॅसेज आणि उजवीकडे प्रश्न असतात, माउसने सिलेक्ट करून हायलाइट करता येतं, दोन्हीकडे वेगवेगळं स्क्रोल होतं, ह्या सगळ्याची हाताला सवय पाहिजे. रूममेटचा लॅपटॉप माग, तिला जनरल-अकॅडमिकचा फरक समजावून सांग त्या बदल्यात. आणि कूलर बंद करायचा नाही. घरघर चालू राहू दे, मॅचच्या दिवशी शेजारी ओरडले तरी उठायचं नाही, सेंटरवर तुला कोणी शांतता वाढून ठेवलेली नाही.

बाबांना सांग की ओव्हरऑल झालंय, एका सेक्शनचे दोन-चार प्रश्न राहिलेत. त्यांना आयल्ट्स समजणार नाही पण दोन-चार हा आकडा समजेल, फोनवरचा आवाज बदलेल.

आता सगळ्यात कामाचं, जे खरं तर वर लिहायला पाहिजे होतं. कम्प्युटरवर दिलेल्या आयल्ट्सला वन स्किल रिटेक नावाची सोय आहे. चारपैकी एकच सेक्शन पुन्हा द्यायचा, बाकी तीन मार्क तसेच राहतात, आणि नवीन रिझल्ट वेगळा मिळतो. म्हणजे तुझा तो लिसनिंगचा ७ पणाला लावायची गरजच नाही. अट एवढी की मूळ परीक्षेच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि एका परीक्षेवर एकदाच. पण सगळ्याच युनिव्हर्सिट्या हा रिझल्ट धरत नाहीत, त्यामुळे फी भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला मेल टाकून लेखी उत्तर घे. एजंट "होऊन जाईल ना मॅडम" म्हणाला तर ते उत्तर धरू नको. चालतं म्हणाले तर शेवटच्या आठवड्यातली तारीख घे म्हणजे वहीसाठी चार-पाच आठवडे मिळतात. नाही म्हणाले तर पूर्ण परीक्षा दे, तयारी हीच राहील. मेल मात्र आजच टाक, तिकडून उत्तर यायला चार-पाच दिवस सहज जातात आणि तुझ्या ६० मधले १७ आधीच गेलेत.